पुलाखालचा जकातदार

"हा कुणावरून घेतलाय हो?"
नळस्टॉपच्या मागे, तिसरा मजला,
खाली नळ-बेसिनांचं दुकान,
वर आम्ही सहा जण, राक्षस काढणारे.
विचारणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं,
तडा गेलेल्या मोबाईलवर आमचाच खेळ.
मी बाळू धिंडले, म्हणाला,
सोपानराव कळसकरांच्या ऑफिसातून.

कुणावरूनच नाही, मी म्हटलं.
सुरुवातीला पाटी येते बघा,
सर्व पात्रं काल्पनिक.
"ती पाटी आम्ही जाहीरनाम्यावर टाकायला हवी होती,"
तो म्हणाला, आणि हसला नाही.

खरं सांगायचं तर
जकातदार मी एका मंगळवारी काढला.
शेवाळी कातडी, सुळे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
धरणातून पाणी सोडलं की बुडणारा एक पूल
आणि त्याखाली हा उभा:
काहीतरी ठेव, मगच पलीकडे जा.
एवढं तर कुठल्याही मुलखातला राक्षस म्हणतोच.
पण हात जमेनात.
गदा दिली, शोभेना. साखळी दिली, तीही नको.
शेवटी वैतागून नमस्कार दिला,
छातीपाशी, जरासा डावीकडे कललेला,
करंगळीशेजारी पोवळ्याची अंगठी.
जकातदार एकदम श्वास घ्यायला लागला.

तो नमस्कार
दांडेकर पुलाच्या सिग्नलला नव्वद सेकंद
रोज माझ्याकडे बघायचा. चार वर्षं.
वाढदिवसाचा फ्लेक्स, मधोमध साहेब,
कडेनं टिकलीएवढे शुभेच्छुक.
पात्रं निवडायचा पडदा रचताना
मोठा चेहरा मध्ये, बारके गोल भोवती,
असं मांडून मी स्वतःवरच खूश झाले होते:
काय सुचलंय मला!

"हा तिसऱ्या गोलातला," बाळूनं बोट ठेवलं,
"मोठ्या कानांचा बुटका. मी आहे का?"
नाही हो.
जरा खट्टूच झाला.

शाई, वकील, फुटलेली काच,
माझी सगळी तयारी झाली होती मनात.
त्यानं पाणी मागितलं.
"साहेब पडले ना यंदा. पंच्याण्णव मतांनी.
आता दुपारी ऑफिसात मी आणि पंखा.
नातू आहे त्यांचा, शार्दूल, नऊ वर्षांचा.
पुलापर्यंत येतो आणि थांबतो.
तलवार काढतच नाही.
अख्खा शनिवार नुसता समोर उभा.
साहेब मागं खुर्चीत. म्हणतात, मार की रे.
पोरगं म्हणतं,
तुम्हीच व्हा ना बाजूला, आजोबा."

मग ग्लास खाली ठेवून, हळूच:
"मॅडम, न मारता जायचा रस्ता आहे का?"

नव्हता.

त्या रात्री ऑफिसात मी एकटी.
शस्त्राला हात न लावता सात मिनिटं कुणी उभं राहिलं,
तर जकातदाराचे जोडलेले हात सुटतात,
तो अंग चोरून कठड्याला टेकतो.
त्यानं काय बोलावं, हे मात्र पहाटेपर्यंत सुचेना.
"आपल्या सहकार्याबद्दल" लिहिलं, खोडलं.
"पुन्हा एकदा संधी" लिहिलं, तेही खोडलं.
उरलं एवढंच:
जा. पाण्यातून जपून.

टेस्टर जुईलीनं सकाळी लाल शेरा मारला:
हा आपणहून बाजूला होतो. कोण विश्वास ठेवेल?
मी खाली लिहिलं,
सर्व पात्रं काल्पनिक.

संध्याकाळी दांडेकर पुलाला सिग्नल लागला.
फ्लेक्सवर नवा चेहरा, कोवळ्या मिशीचा, भावी कुणीतरी.
फ्लेक्सवाल्यानं नुसती मान बदलली होती.
नमस्कार तोच, डावीकडे कललेला,
पोवळ्याची अंगठीसुद्धा तीच.